‘बोअर’ची भिंत : वाचनालयाच्या ओसरीतल्या कामाच्या नोंदी

आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीत आम्ही ‘बोअर’ या एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मुळं दाखवणारी भिंत रंगवली. गाव औसा तालुक्यातलं. कामाला मी, म्हणजे इंग्रजी शिकवणारा मास्तर, आठवी-नववीची सात लेकरं आणि गावातले पेंटर अण्णा. तुमच्या शाळेत किंवा वाचनालयात असं काही करायचं असेल, तर आमचे वाया गेलेले रविवार तुमच्या उपयोगी पडावेत, म्हणून कामाची वही इथं उतरवून ठेवतोय.

३० डिसेंबर २०२४, सोमवार. वेळअमावस्या

वेळअमावस्या म्हणजे आमच्याकडचा शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण, त्यामुळं कामाला सुरुवात शेतात झाली. कडब्याच्या कोपीपुढं पूजा उरकली होती, आंबिलीचा माठ अर्धा झाला होता. तात्या उंड्यावर भज्जी घेत म्हणाले, “यंदा बी बोअर फेल गेला. साडेचारशे फूट गेलो, नुसता फुपाटा.” त्यांचा पुतण्या गाडी घेऊन उशिरा आला. का उशीर झाला विचारलं तर म्हणाला, “गाडीचं बोअर गेलंय, धूर मारायली.” जेवणं झाल्यावर एक पोरगा आईला चिकटला, “चल की घरी, लई बोअर व्हायलंय.” तेवढ्यात नववीतली एक मुलगी ओंजळभर बोरं घेऊन आली आणि तिनं विचारलं,

“सर, पाण्याचा बोअर, गाडीचं बोअर आन् कंटाळ्याचं बोअर, एकच शब्द हाय का?”

मी म्हणालो, “हो, शब्द एकच, अर्थ तेवढे वेगळे.”

शब्दकोश न उघडता दिलेलं हे उत्तर. पुढच्या तीन आठवड्यांचं नुकसान त्यातून झालं.

५ जानेवारी २०२५, रविवार

ओसरीची आतली भिंत ठरवली. दहा फूट रुंद, सहा फूट उंच. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, ती उघडायची. मराठीच्या दिवशी इंग्रजी शब्द कशाला, असं एक-दोघांनी विचारलं. माझं म्हणणं असं, की हा शब्द आता आमच्या गावच्या तोंडात बसलाय. “बोअर मारला”, “बोअर आटला”, “बोअरला दोन इंची पाणी लागलं” ही वाक्यं इथली आहेत.

लेकरांना आठवडाभराचं काम दिलं: गावात कोण, कुठं, कशासाठी ‘बोअर’ म्हणतं ते वहीत लिहून आणायचं. शब्दकोशाआधी गावात विचारायचं, हा निर्णय चांगला ठरला. पुन्हा काम केलं तर असंच करीन.

११ जानेवारी, शनिवार

वह्या आल्या. पाण्याचा बोअर सगळ्यांकडं होता. साडेचार इंची आणि साडेसहा इंची, केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात उतरवलेला पाईप, किती फुटांचं, सगळं लिहिलेलं. गॅरेजवाल्याकडून ‘बोअर-पिस्टन’. कृषी सेवा केंद्रातून औषधाच्या पुड्यावरचं ‘पॉड बोरर’. एका आजोबांकडून ‘बारा बोअरची बंदूक’. कंटाळ्याचं बोअर तर प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर.

एका मुलानं घरच्या हरभऱ्यातला घाटा आणला होता. त्याला एका बाजूनं भोक, पेन्सिलीच्या टोकानं पाडल्यासारखं गोल. अळी त्यातच होती, तोंडाकडचा भाग घाट्याच्या आत, मागचं हिरवट अंग बाहेर. ती दाणा खात होती आणि मागचा भाग हळूच हलत होता. कुणी काही बोललं नाही, सगळे वाकून पाहत राहिले. घाटेअळीला इंग्रजीत ‘बोरर’ का म्हणतात, ते समजवायची गरज उरली नाही.

१२ जानेवारी, रविवार

अण्णांनी भिंतीला डिस्टेंपर मारलं. वाळल्यावर आम्ही एक मोठं झाड काढलं. खोडावर ‘बोअर’, आणि फांद्या सहा: विहीर, इंजिन, बंदूक, अळी, कंटाळा, लाट. सहावी फांदी मी माझ्या खिशातल्या छोट्या शब्दकोशातून घेतली. भरतीची लाट नदीत उलटी शिरते, तिलाही ‘बोअर’ म्हणतात. झाड देखणं झालं. लेकरांनी पानं रंगवली.

खर्च: डिस्टेंपर ६५० रुपये, ऑइल पेंटचे पाच लहान डबे ५५०, ब्रश २१०. अण्णांची मजुरी ८००.

१९ जानेवारी, रविवार

माझी एक जुनी विद्यार्थिनी छत्रपती संभाजीनगरला शिकते. तिला झाडाचा फोटो पाठवला होता. तिनं ग्रंथालयात जाऊन मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या पानांचे फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: “सर, शब्दाच्या खांद्यावरचे आकडे बघा.”

मी पाहिले. ‘बोअर’ एकदा नव्हता. बी-ओ-आर-ई हीच अक्षरं पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक नोंदीच्या खांद्यावर बारीक आकडा. हा आकडा म्हणजे कोशकार सांगतो की ही नवी नोंद, हा वेगळा शब्द. एकाच शब्दाचे अर्थ असतील तर ते एकाच नोंदीत खाली खाली येतात. माझ्या खिशातल्या कोशातही हे आकडे होते. पंचवीस वर्षं तो कोश वापरतोय आणि ते आकडे मी पानाचा भाग समजून ओलांडत आलो होतो.

मुळं अशी निघाली. भोक पाडण्याचा ‘बोअर’ जुन्या इंग्रजीतल्या ‘बोरियन’ या क्रियापदाचा, आणि त्याच्या घरातला ‘बोर’ म्हणजे भोक पाडायचं हत्यार. लाटेचा ‘बोअर’ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘बारा’वरून, म्हणजे लाट. ती स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दी लोकांची भाषा. तिसरा ‘बोअर’ म्हणजे ‘बेअर’ या क्रियापदाचा भूतकाळ, वाहून नेलं, सोसलं. तो आमच्या झाडावर मुळीच नव्हता. शेकडो वर्षांत शब्दांची टोकं झिजली आणि सगळे एकाच स्पेलिंगवर येऊन थांबले.

म्हणजे आमचं एक खोड खोटं होतं.

लेकरांना सांगताना जड गेलं. पानं त्यांनी रंगवली होती. ज्या मुलीनं वेळअमावस्येला प्रश्न विचारला होता, तिला मी सांगितलं की त्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं. ती म्हणाली, “मग आता किती झाडं काढायची?” काम पुढं चालू ठेवायला तेवढं पुरलं.

२२ जानेवारी, बुधवार

झाड पुसायचं ठरलं. नुसतं वरून डिस्टेंपर मारलं तर ऑइल पेंटच्या फांद्या खालून दिसत राहिल्या, एका जागी पापुद्रा सुटला. अण्णा म्हणाले, “गुळगुळीत ऑइलवर डिस्टेंपर धरत नसतंय.” मग पॉलिश पेपरनं घासलं, पुट्टी भरली, प्रायमर मारलं, आणि दोन दिवस वाळू दिलं. हे पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं. पुट्टी ३८०, प्रायमर २९०, पुन्हा डिस्टेंपर ६५०, नवे रंग ४४०. अण्णांची आणखी एक मजुरी ८००.

करणाऱ्यांना सांगणं एवढंच: मूळ नक्की होईपर्यंत भिंतीला हात लावू नका. आम्ही नंतर सगळं आधी वर्तमानपत्राच्या जोडलेल्या कागदांवर काढलं, चार दिवस टांगून ठेवलं, लोकांनी चुका दाखवल्या, मग भिंतीवर नेलं.

२६ जानेवारी, रविवार. पहिलं मूळ: भोक

झेंडावंदनानंतर काम सुरू. डाव्या बाजूला पहिलं झाड. त्याच्या मुळाशी चित्र काढण्याऐवजी खरी वस्तू टांगली. गावातल्या सुतारांनी त्यांच्या वडिलांचं जुनं गिरमिट दिलं. लाकडी आडवी मूठ, खाली पिळाची सळई, टोक झिजून चकचकीत झालेलं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत याच जातीच्या हत्याराला ‘बोर’ म्हणत. जर्मनमध्ये भोक पाडणं म्हणजे आजही ‘बोरेन’. लॅटिनमधलं ‘फोरारे’ त्यांचंच भावंड, आणि त्याच्यातून आलेलं ‘परफोरेशन’ आमच्या पावती पुस्तकात आहे, पावती फाडायची बारीक छिद्रांची रेघ. एका मुलानं वाचनालयाच्या वर्गणीची पावती फाडून ती रेघ भिंतीवर चिकटवली.

फांद्या चार राहिल्या: विहीर, इंजिन, बंदूक, अळी. गॅरेजवाल्यानं निकामी सिलिंडर दिला. आतून बोट फिरवलं की झिजलेली कड लागते. ‘बोअर गेलं’ म्हणजे ही भिंत झिजली, पिस्टन सैल झाला, ऑइल वर चढून जळायला लागलं. भोक आधी हत्यारानं पाडलं, मग भोकालाच ‘बोअर’ नाव पडलं, मग भोकाच्या रुंदीला. तीन पायऱ्या एका सिलिंडरवर दाखवता आल्या.

विहिरीच्या फांदीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. सरकारी कागदावर बोअरला ‘विंधन विहीर’ म्हणतात. लेकरांना तो शब्द परका वाटत होता. मी विचारलं, बाणानं विंधतात म्हणजे काय करतात? आरपार भोक पाडतात. म्हणजे ज्यानं हा मराठी शब्द केला, त्यानं इंग्रजी शब्दाच्या नेमक्या मुळावर बोट ठेवलं होतं. हा शब्द गावात का रुजला नाही, याचं मला वाईट वाटतं. आम्ही तो ‘बोअर’च्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिला.

आणखी एक गोष्ट लिहिली, कारण ती आपल्या भागातली आहे. बोअरवरचा हातपंप आधी बिडाचा, घरगुती वापरासाठी केलेला असायचा. अख्खं गाव दिवसभर तो हलवायचं आणि तो मोडायचा. जालन्यात मिशनच्या लोकांनी १९६० च्या दशकात पोलादाचा, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप केला. त्यावरून सोलापूरचा पंप झाला, आणि त्याच्या आधारावर १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ आला. आज शाळेच्या दारात दिसतो तो. त्याच्या आधी १९७२ चा दुष्काळ होऊन गेला होता. भिंत बघायला आलेल्या एका आजींनी हातपंपाच्या चित्रावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ह्याच्या आधी आम्ही झिऱ्यातलं वाटीवाटीनं भरायचो.” ते वाक्य चित्राखाली त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार. बंदूक आणि गणित

चूक सापडली. बंदुकीच्या फांदीवर एका मुलानं ‘बारा बोअर = १२ मिलिमीटर’ लिहिलं होतं, आणि मीही ते वाचून पुढं गेलो होतो. पाण्याच्या बोअरला आकडा मोठा तर भोक मोठं, तसंच इथं असणार असं आम्ही धरलं होतं. इथं उलट आहे. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या गोळ्या करायच्या. बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं तर बंदूक बारा बोअरची. वीस गोळ्या भरल्या तर वीस बोअरची, म्हणजे गोळी लहान आणि भोकही लहान.

नववीची लेकरं म्हणाली, मोजून बघू. आधी चिखलाच्या गोळ्या केल्या. बारा गोळ्यांचं वजन एक पौंड येईल अशा करून व्यास मोजला तर भलताच मोठा आला. चिखल शिशापेक्षा कितीतरी हलका, हे डोक्यात आलं नव्हतं. एक तास गेला. मग कागदावर केलं. पौंड ४५३.६ ग्रॅम, भागिले बारा, ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४, म्हणून घनफळ ३.३३ घन सेंटिमीटर. गोलाच्या घनफळाचं सूत्र नुकतंच शिकवलेलं होतं. घनमूळ काढता येईना, तेव्हा गुणाकार करत करत जवळ गेले: १.८ कमी पडतं, १.९ जास्त होतं, १.८५ बसतं. म्हणजे १८.५ मिलिमीटर. छापील आकडाही तोच आहे. ज्या मुलाचा आकडा चुकला होता, त्यानंच भिंतीवर १८.५ मिलिमीटरचं आणि त्याशेजारी वीस बोअरचं १५.६ मिलिमीटरचं वर्तुळ कंपासनं काढलं. खाली साडेसहा इंची बोअरचं खऱ्या मापाचं वर्तुळ, १६५ मिलिमीटरचं. तिन्ही शेजारी शेजारी बघितल्यावर कुणाला काही विचारावं लागत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. दुसरं मूळ: लाट

सातांपैकी सहा लेकरांनी समुद्र पाहिलेला नाही. भरतीची लाट नदीत उलटी चढते, हे तोंडानं सांगून पटेना. नदी उलटी कशी वाहील, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

अण्णांकडून अर्धा चिरलेला पीव्हीसी पाईप आणला, दहा फुटी, टोकं बंद करायला ४० रुपयांचं एम-सील. पहिल्या वेळी पाणी काठोकाठ भरलं आणि एका टोकाकडून फळी ढकलली. सगळं पाणी नुसतं हिंदकळलं. दोनदा केलं, तेच. मग एकीनं पाटाचं उदाहरण दिलं: “पाट कोरडा असतो तवाच पाण्याचं तोंड दिसतंय की.” पाणी काढून बोटाच्या पेराएवढं ठेवलं आणि फळी सावकाश, न थांबता ढकलली. या वेळी पाण्याची एक पायरी उठली आणि पाईपभर चालत गेली. पुढं उथळ पाणी शांत, मागं उंच पाणी, मधे चालती कड. तेरा वेळा करून घेतलं.

खाडीचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद, आत नदी अरुंद आणि उथळ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते तेव्हा ते पाणी दाटून पायरीसारखं उठतं आणि प्रवाहाविरुद्ध चढत जातं. इंग्लंडच्या सेव्हर्न नदीत येतं, चीनच्या छ्यानतांग नदीत जगातलं सगळ्यात मोठं येतं, आणि आपल्याकडं बंगालमध्ये हुगळीत येतं. तिथले लोक त्याला ‘बान’ म्हणतात.

रात्री पानं पुन्हा वाचताना तिसऱ्या मुळाचा धागा हाती लागला. ‘बेअर’चा भूतकाळ ‘बोअर’, वाहून नेलं. त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या ‘भृ’ धातूचं मूळ एकच. ‘भरति’ म्हणजे वाहतो, धारण करतो. त्यातून ‘भार’, आणि भारातून आपला कडब्याचा भारा. नॉर्समधली लाट, ‘बारा’, तीही बहुधा याच वाहण्याच्या मुळातली आहे, असं जाणकार मानतात.

मी वही मिटून बराच वेळ बसलो. आम्ही परका शब्द म्हणून ज्याच्या मागं लागलो होतो, त्याचं एक मूळ आमच्या गोठ्यात पडलेल्या भाऱ्यापर्यंत आलं होतं. गावात शिरलेला पाण्याचा ‘बोअर’ आणि डोक्यावरचा ‘भारा’ यांचा संबंध नाही. पण ज्या ‘बोअर’ला गावात कुणी ओळखत नाही, तो नात्यातला निघाला.

१६ फेब्रुवारी, रविवार. कंटाळा

सगळ्यात जास्त भांडण या फांदीवरून झालं. कंटाळ्याचा ‘बोअर’ कुठं टांगायचा?

लेकरांचं मत पक्कं होतं: माणूस एकच गोष्ट घोळत राहतो, गिरमिटासारखी, डोकं पोखरतो, म्हणून पहिल्या झाडावर. निवृत्त गुरुजी आले होते, त्यांनाही तेच पटलं. ऐकायला इतकं चपखल बसतं, की मीही हातात ब्रश घेतला होता. पण शब्दकोश तिथं ठाम बोलत नाही. भोक पाडणारा ‘बोअर’ हजार वर्षांचा जुना, आणि कंटाळ्याचा एकदम १७६० च्या दशकात, लंडनच्या बड्या लोकांच्या पत्रांत उगवतो. १७६८ च्या एका पत्रात अर्ल ऑफ कार्लाइल आपल्या न्यूमार्केटच्या मित्रांची कीव करतो, कारण फ्रेंच पाहुणे त्यांना बोअर करणार आहेत. त्याआधी हा अर्थ कुठून आला, याचा दुवा सापडलेला नाही. गिरमिटावरून आला असेल हा चांगला तर्क आहे, पण तर्कच.

माझं म्हणणं होतं की एकदा आपण न तपासता झाड काढलं, त्यात दोन आठवडे गेले. आता चपखल वाटतं म्हणून सरळ रेघ ओढायची नाही. शेवटी फांदी पहिल्या झाडाकडंच नेली, पण तुटक रेघेनं, आणि खाली लिहिलं: ‘नातं सिद्ध नाही’. गुरुजींनी वाचलं आणि म्हणाले, “हे बरोबर झालं.” त्यांच्या तोंडून ते ऐकून बरं वाटलं.

याच फांदीवर आणखी एक चूक झाली. ‘बोअरडम’ हा शब्द चार्ल्स डिकन्सनं घडवला असं आम्ही लिहिलं होतं. अनेक ठिकाणी तसंच सांगतात. त्यानं तो १८५० च्या दशकातल्या कादंबरीत वापरला हे खरं, पण शब्द १८२९ मध्येच छापलेला सापडतो. ओळ खरवडून काढली. तिथं थोडा डाग राहिलाय.

मराठी बाजूला लेकरांनी लिहिलं: कंटाळा, डोकं खाणं, पकवणं, जीव नकोसा होणं. ‘डोकं पोखरू नको’ त्यांनी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. उजवी कड: पाहुणे

इंग्रजीत वेगळं लिहितात पण मराठीत सारखे ऐकू येतात, अशा शब्दांना उजवीकडं एक पट्टा दिला. नाव ‘पाहुणे’. पहिलं अर्थात आपलं बोर. ते इंग्रजीतून आलेलंच नाही. संस्कृत ‘बदर’, त्याचं प्राकृतात ‘बोर’, आणि तेच आपल्याकडं बोरन्हाणात लेकरांच्या डोक्यावर पडतं. मग रानडुक्कर, त्याचा इंग्रजी उच्चार ‘बोअर’च. तुरीत शिरणाऱ्या त्या जनावराला भिंतीवर जागा द्यायला दोघांचा विरोध होता, शेवटी छोटं काढलं. मग विज्ञानाच्या पुस्तकातले नील्स बोर, १९१३ ची अणूची मांडणी करणारे.

शेवटचे दक्षिण आफ्रिकेतले बोअर. इतिहासात ‘बोअर युद्ध’ येतं, १८९९ ते १९०२. गांधीजींनी त्यात सुमारे अकराशे हिंदी लोकांचं जखमींना वाहून नेणारं पथक उभं केलं होतं. डच भाषेत ‘बूर’ म्हणजे शेतकरी, तोच इंग्रजीत ‘बोअर’ झाला. त्याच घरातला इंग्रजी ‘बूर’ म्हणजे गावंढळ, असंस्कृत माणूस.

मी हे वाचून दाखवत होतो तेव्हा तात्या दारात उभे होते. म्हणाले, “म्हंजी तिकडं बी शेतकऱ्याच्या नावाची शिवीच केली.”

मला पटकन काही सुचलं नाही. वहीत पुढची ओळ होती ती वाचली: इंग्रजीत शेजाऱ्याला ‘नेबर’ म्हणतात, त्यातलं शेवटचं ‘बर’ही याच घरातलं. जवळ राहणारा, जवळ वस्ती करून कसणारा. तात्यांनी थोडा विचार केला. “मग ते मोठं लिहा,” म्हणाले. आम्ही ‘गावंढळ’ बारीक लिहिलं आणि ‘शेजारी’ मोठं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भिंत उघडली. साठ-सत्तर माणसं आली. भाषणं ठेवली नव्हती. प्रत्येक मुळाशी एक लेकरू उभं, येणाऱ्याला सांगत होतं. पाईपातली लाट सगळ्यात जास्त वेळा करावी लागली.

एकूण खर्च ४,८१० रुपये. त्यातले २,००० पुसलेल्या झाडात गेले: १,२०० रंगाचे, ८०० मजुरीचे. रविवार आठ, त्यातले दोन वाया. साडेतीन हजार वाचनालयाच्या वर्गणीतून, बाकी मी आणि अण्णांनी.

खालच्या बाजूला ओल येतेय, पावसाळ्यानंतर पहिल्या झाडाची मुळं पुन्हा रंगवावी लागतील. तिथं आधी ओल थांबवणारा थर द्यायला हवा होता.

९ मार्च, रविवार

तात्यांनी दुसरीकडं बोअर घ्यायचं ठरवलं. गाडी तमिळनाडूची, तिरुचेंगोडची, आपल्याकडं येणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथल्याच असतात. रात्रभर काम करून त्यातला एक पोरगा सकाळी पाणी प्यायला वाचनालयाच्या नळावर आला. अंगभर पांढरी धूळ. ओसरीत भिंतीपुढं थांबला. मराठी वाचता येत नव्हतं, पण हातपंपाचं चित्र, केसिंगचं चित्र आणि साडेसहा इंची वर्तुळ त्याला लगेच कळलं. वर्तुळावर त्यानं तळहात ठेवून पाहिला.

मोडक्या हिंदीत बोलणं झालं. त्यांच्याकडं बोअरला ‘बोर’च म्हणतात, पण खरा तमिळ शब्दही आहे, ‘आळ्तुळै किणरु’. खोल, भोक, विहीर. आपल्या विंधन विहिरीसारखाच केलेला शब्द. मग आमच्या त्या मुलीनं जांभई देऊन, कपाळाला हात लावून कंटाळल्याचं दाखवलं आणि खुणेनं विचारलं, याला काय म्हणता?

तो हसला. “बोर अडिक्कुदु.”

लेकरं ओरडलीच. तिथंही तोच शब्द, तेच दोन अर्थ. ‘अडिक्कुदु’ म्हणजे मारतं, असं त्यानं हातानं दाखवलं. आपण बोअर मारतो, त्यांना बोअर मारतं.

विहिरीच्या फांदीखाली वीतभर जागा शिल्लक होती. निळा रंग संपत आलेला, डब्यात थोडं टर्पेंटाइन टाकून ढवळला. पोरानं हात धुतले आणि दोन्ही शब्द तमिळ अक्षरांत स्वतः लिहिले. मुलीनं खाली देवनागरीत उच्चार लिहिला. तेवढ्यात शेताकडून गाडीचा हॉर्न वाजला आणि तो पळत गेला.

तात्यांना तीनशे ऐंशी फुटांवर एक इंची पाणी लागलं.